कलावंतांची कैफियत

वयाने माझ्या मुलाच्या बरोबरीचे आणि व्यासंगाने माझ्याहून कितीतरी पुढे गेलेले प्रस्तुत संग्रहाचे संपादक दोन वर्षांपूर्वी प्रथम माझ्याकडे आले आणि या ग्रंथास चार शब्द लिहून द्यावेत असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा मी साफ नकार दिला होता. चित्रकार, नट, गवई, कवी आणि कादंबरीकार यांनी आपापल्या कृतींविषयी वेळोवेळी जे लिहिले वा सांगितले त्यातले निवडक उतारे एकत्र करावयाचे, आणि त्या उताऱ्यांच्या दाराशी उभे राहून आल्यागेल्याचे स्वागत करण्याचे काम, ज्याने आयुष्याची बत्तीस वर्षे मामलेदार कचेरीत सातबारा तपासण्यात घालविली अशा माणसाकडे सोपवावयाचे, हा मला विनोद वाटला. संपादक हसून म्हणाले, "आबा, तेथेही उतारेच पाहत होतात ना? हे जमिनीचे नाहीत एवढेच." या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही आणि हस्तलिखिताचा गठ्ठा मी ठेवून घेतला.

गठ्ठा वाचताना जुनी सवय उफाळून आली. कोणताही कागद हाती आला की तो कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावयाचे आणि मग त्यातल्या मजकुराकडे वळावयाचे, असा आमच्या खात्याचा दंडक असे. कारण अर्जात लिहिलेली गोष्ट जबानीच्या तोलाची नसते, जबानीतली पंचनाम्याच्या तोलाची नसते, आणि निवाड्याची पायरी तर या सर्वांहून वरची. मग कलावंत आपल्या कृतीविषयी बोलतो तो कागद कोणत्या सदरात घालावयाचा? पुष्कळ भाबडे रसिक तो निवाडाच समजतात, आणि खुद्द कवीने अमुक कविता आपली सर्वांत आवडती असल्याचे सांगितले म्हणजे पुढील वाद मिटला असे मानून मोकळे होतात. उलट काही चतुर समीक्षक तो कागद जाहिरातीच्या सदरात टाकून बाजूस सारतात. मला दोन्ही रीती उतावळ्या वाटतात. दिवाणी दाव्यात प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्यास कैफियत म्हणतात. जुन्या मराठी दप्तरांत हाच शब्द अधिक ऐसपैस अर्थाने येतो आणि एखाद्या गावाची, घराण्याची वा वतनाची हकीकत सांगणाऱ्या कागदासही कैफियतच म्हटलेले आढळते. कलावंताच्या आत्मनिवेदनाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. तो हकीकत सांगत असतो खरा, पण कोणीतरी आपल्यावर दावा लावला आहे असे मनाशी धरूनच त्याने लेखणी उचललेली असते. आणि दावा लावणारा बहुधा तो स्वतःच असतो.

आपल्याकडे ही चाल फार जुनी. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार रंगभूमीवर येऊन कवीची ओळख करून देई, तेथपासून ती सुरू होते. कालिदास 'मालविकाग्निमित्रा'त, केवळ जुने म्हणून चांगले समजू नये, अशी प्रेक्षकांना अदबीने विनंती करतो, 'शाकुंतला'त जाणत्यांच्या संतोषावर प्रयोगाची परीक्षा सोपवितो, आणि 'रघुवंशा'च्या आरंभी तर आपल्या अल्पमतीचा मोठ्या नेटकेपणाने उच्चार करतो; भवभूती मात्र 'मालतीमाधवा'त, जे आपली हेटाळणी करतात त्यांच्यासाठी हा खटाटोप नाहीच असे ठणकावून, आपल्या जातीचा रसिक या अफाट काळात केव्हातरी जन्मास येईल अशी आशा बोलून दाखवितो. एवढ्यावरून एक विनयी आणि दुसरा गर्विष्ठ असा उलगडा आम्हांला शाळेत शिकविला गेला. तो मला कधीच पटला नाही. विनय हा मंगलाचरणाचा रिवाज होता, आणि रिवाजाने घातलेल्या नमस्कारावरून भक्तीचे माप काढता येत नाही. भवभूतीच्या बोलण्यात मात्र मनुष्य दुखावल्याची खूण आहे. आपल्या लेखनावर ज्याचा जीव जडलेला आहे तोच असा चारचौघांत दुखावतो. म्हणून कैफियत या दृष्टीने मला भवभूतीचा कागद अधिक विश्वसनीय वाटतो.

परंतु या विषयातले सर्वांत मोठे कोडे आपल्या घरचेच आहे. देहूच्या तुकारामबोवांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती; दुष्काळात आणि घरच्या आपत्तींत त्यातले बहुतेक गेले, आणि जे येणे लोकांकडे राहिले त्याच्या खतांपैकी निम्मी खते धाकट्या भावास, कान्होबास, देऊन आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. दस्तऐवज म्हणजे काय हे ज्याला पोटापाण्यासाठी शिकावे लागले त्यालाच या कृत्याची छाती किती मोठी हे कळेल! शेतकऱ्याच्या घरी आग लागली तर तो आधी गुरे सोडतो आणि मग कागदांची पेटी काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या. आता, येणे बुडविताना ज्याने मागे वळून पाहिल्याचे कोणी सांगत नाही, तोच मनुष्य वह्या बुडाल्यावर काठावरच्या शिळेपाशी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिला. आणि गंमत अशी की, आपले बोल आपले नव्हेत, बोलविता धनी निराळा आणि आपण केवळ ओझेकरी, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली होती. ओझेकरी हरवलेल्या मालासाठी तेरा दिवस उपाशी राहत नाही. मजुरी बुडाली म्हणून फार तर एक दिवस हळहळतो. हे धरणे देवाच्या दारी न्याय मागण्यासाठी होते, वह्यांच्या मोहासाठी नव्हते, असे वारकरी मंडळी म्हणतील, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच की, मालकी नाकारणे आणि ताटातूट सोसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सातबाराच्या भाषेत सांगावयाचे तर, मालकाच्या रकान्यात कलावंत खुशाल दुसऱ्याचे नाव लिहू देतो. पण जमीन कसणाऱ्याच्या रकान्यातून आपले नाव खोडलेले त्याला पाहवत नाही.

येथे मला एका निनावी कलावंताची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संपादकांनी तिला संग्रहात जागा दिली नाही, कारण ती छापील कोठेच नाही. कुलाबा जिल्ह्यात माझी बदली झाली तेव्हा आमचे बिऱ्हाड पेणला एका मूर्तिकाराच्या शेजारी होते. पेणचे गणपती साऱ्या महाराष्ट्रात जातात हे सर्वांस ठाऊक आहे; तो धंदा बारमाही चालतो, हे तेथे राहिल्यावाचून कळत नाही. साच्यातून शाडूचे अंग काढणे, सांधे लिंपणे, हात बसविणे, पॉलिश कागदाने घासणे, रंग देणे, ही कामे घरातली बायकामुले आणि कामकरी करीत. पण डोळ्यांची आखणी म्हातारा स्वतः करी, आणि त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलावयाचे नाही असा घरचा नियम होता. शेकडो मूर्ती त्याच्या हाताखालून जात आणि दीड दिवसात, पाच दिवसांत, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत कोठल्या ना कोठल्या पाण्यात विरघळून जात. एकदा मी सहज विचारले, "काका, इतक्या मेहनतीचे असे होते, वाईट नाही वाटत?" माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखे पाहून ते म्हणाले, "बुडायचे म्हणूनच तर करतो. ठेवायचा असता तर दगडाचा केला असता." मला वाटले, वैराग्य म्हणतात ते हेच. पण थोड्या वेळाने, मी उठू लागलो तेव्हा, ते आपण होऊनच सांगू लागले की, फार वर्षांपूर्वी एका घरच्या गणपतीचा डावा डोळा केसभर वर गेला होता. घरच्यांना काही कळले नाही, त्यांनी कौतुक केले, बिदागी वर दिली, मूर्ती पाण्यात गेली. "तो डोळा अजून माझ्याकडे बघतो, रावसाहेब," ते म्हणाले. मूर्तीचा मागमूस उरला नव्हता, ज्यांच्या घरी ती बसली त्यांच्यापैकी वडीलधारी माणसेही गेली होती; चूक मात्र शाबूत होती.

ही गोष्ट ऐकल्यापासून कलावंतांची निवेदने मी निराळ्या रीतीने वाचू लागलो. कलावंत जोवर 'कला', 'साधना', 'ईश्वरी प्रसाद' अशा थोर शब्दांत बोलतो तोवर मी पाने उलटीत असतो. तो एखाद्या विशिष्ट जागेपाशी येऊन अडखळला, एखाद्या न जमलेल्या तानेविषयी, फसलेल्या प्रवेशाविषयी, नको तेथे पडलेल्या छायेविषयी बोलू लागला, की मी चष्मा पुसून घेतो. आपल्या कृतीविषयी त्याची खरी भावना तेथे असते. लोकांसमोर झालेली कृती असते. त्याच्यासमोर तिच्याबरोबरच न झालेली एक कृतीही उभी असते, आणि ती दुसरी त्याच्याखेरीज कोणीच पाहिलेली नसते. त्यामुळे आपल्या स्तुतीने तो संकोचतो तो प्रत्येक वेळी विनयाने नव्हे, तर स्तुती करणाऱ्याने अर्धाच कागद वाचला आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून.

अशा माणसाला न्यायासनावर बसविले म्हणजे काय अनर्थ होतो याचे दाखले या संग्रहात विपुल आहेत. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने 1908 साली पॅरिसमधील नियोजित प्रदर्शनाच्या तोंडावर आपली कमळतळ्याची निदान पंधरा चित्रे फाडून टाकली. रशियन कादंबरीकार गोगोल याने 1852 साली, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, 'मृत आत्मे' या आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित अग्नीच्या स्वाधीन केले. रोमचा महाकवी व्हर्जिल मरणसमयी आपले 'ईनिड' जाळून टाकावे असे म्हणत होता. ऑगस्टस बादशहाने हुकूम सोडून ते प्रसिद्ध करविले, आणि कित्येक ओळी अर्ध्याच राहिलेले ते काव्य पुढे युरोपच्या शाळाशाळांतून शिकविले गेले. कवीची अंतिम इच्छा सरकारी हुकमाने रद्दबातल झाल्याचा हा दाखला मला, सरकारी नोकर या नात्याने, अंमळ सुखावून गेला हे कबूल केले पाहिजे. परंतु या सर्वांवर ताण केली टॉलस्टॉयने. 'कला म्हणजे काय?' या निबंधात त्याने जगातल्या मान्यवरांना एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि मग एका तळटीपेत, अगदी सहजगत्या, स्वतःचे सारे ललित लेखनही वाईट कलेत जमा करून टाकले. दोन लहान कथा तेवढ्या त्यातून वगळल्या. 'युद्ध आणि शांती' व 'ॲना कॅरेनिना' यांच्या कर्त्याचा हा निकाल जगाने सविनय फेटाळला. तो प्रामाणिक नव्हता असे कोण म्हणेल? वयाच्या सत्तरीस पोचलेल्या टॉलस्टॉयला जी कृती हवी होती ती त्या कादंबऱ्यांत नव्हती, एवढेच त्या तळटिपेवरून सिद्ध होते.

गवयाची अवस्था या सर्वांहून बिकट, कारण त्याची कृती फाडता वा जाळता येत नाही. ती झाली त्याच क्षणी गेलेली असते, आणि उरतो तो गळा. अल्लादियाखाँसाहेबांनी आपल्या नातवाला ज्या आठवणी सांगितल्या त्यांत, आमलेट्याच्या मुक्कामी अतिरिक्त गाण्याने आवाज गेल्याची हकीकत आहे. भरात आलेल्या गवयाचा आवाज जावा याहून मोठी आपत्ती नाही. इतर कोणी असता तर पेन्शनीची वाट धरता. खाँसाहेबांनी बदललेल्या, जड झालेल्या आवाजाला साजेल अशी गायकी नव्याने रचली, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाखाली व पुढे मुंबईत जी जयपूर घराण्याची गायकी म्हणून वाखाणली गेली, तिचे मूळ रसिक या आपत्तीत शोधतात. पेचदार तानेच्या त्या वळणांना आपण वैभव म्हणतो. ज्याने ती वळणे घेतली त्याला त्यांच्या तळाशी आपला गेलेला आवाज ऐकू येत नसेल काय? हा तर्क माझा आहे, खाँसाहेबांच्या माथी तो कोणी मारू नये.

नटांविषयी लिहिताना माझा हात आखडतो. 1911 साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते भामिनीच्या वेषात उभे राहिले, ही कथा कलानिष्ठेचा आदर्श म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. मला ती ऐकवत नाही. त्या रात्री त्यांनी प्रेक्षकांचे ऋण फेडले असेल, मंडळीचे नुकसान टाळले असेल. पण त्या प्रयोगाकडे पुढे आयुष्यभर त्यांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल याचा विचार टाळ्या वाजविणाऱ्यांनी कधी केला नाही. गणपतराव बोडस यांनी आपल्या आत्मचरित्रास 'माझी भूमिका' असे नाव दिले, त्यातला श्लेष नटाच्या जातीस शोभणारा आहे. वेष उतरल्यावरही हा मनुष्य कोणाच्या तरी नजरेसमोर उभा आहे, असे मला ते शीर्षक वाचताना वाटत राहते.

समाधानी कलावंत नसतातच असे कोणी समजू नये. रावबहादूर धुरंधरांचे 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' पहा. 1890 साली जे विद्यार्थी म्हणून जे. जे. कलाशाळेत शिरले ते अध्यापक होऊन 1931 साली निवृत्त झाले. पदके, कामगिऱ्या, वरिष्ठांची मर्जी यांचा आनंद त्यांनी हातचे काही न राखता नोंदविला आहे. सेवापुस्तक नीट राखलेल्या माणसाविषयी मला उपजतच आदर आहे, तेव्हा यावर टीका माझ्याकडून होणार नाही. आणखी एक निराळे उदाहरण रवींद्रनाथांचे. हस्तलिखितातील खाडाखोडीच्या रेघा जोडता जोडता साठीनंतर त्यांना चित्रे सुचू लागली, 1930 साली त्यांचे प्रदर्शन पॅरिसला भरले, आणि चित्रांना नावे देण्याचे त्यांनी बहुतेक टाळले. कवितेत ज्यांचे नाव जगभर पणाला लागलेले होते त्यांना या परक्या प्रांतात पोरासारखे हुंदडता आले, यात नवल नाही. तेथे त्यांच्या नावे कोणतीही थकबाकी नव्हती.

आणि ज्यांना कैफियत देण्याची संधीच मिळाली नाही त्यांचे काय? केशवसुत 1905 साली हुबळीस वारले. त्यांच्या कवितांचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढले ते त्यानंतर, कवीच्या हाती ते पडलेच नाही. गडकरी 1919 च्या जानेवारीत सावनेरला गेले आणि महिन्याभरातच बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. सिंधूच्या फाटक्या लुगड्यातले बालगंधर्व पाहून प्रेक्षक रडले. ज्याने ते लुगडे तिला नेसविले त्याने काही पाहिले नाही. बहिणाबाई चौधरींना तर लिहिणेवाचणे येत नव्हते. घरोटावर आणि शेतात त्या जे गात ते घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून उरले. 1951 साली त्या वारल्या, पुढच्या वर्षी सोपानदेवांनी ती गाणी प्रसिद्ध केली आणि अत्र्यांनी त्यांस प्रस्तावना लिहिली. आपण काही 'कृती' करीत आहोत असे त्या माउलीस कधी वाटले होते काय, वाटले असल्यास त्यात अभिमान होता की संकोच, की दळण संपल्याचा नुसता सुटकारा, हे आता कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

हाच धागा धरून संपादकांशी माझे थोडे भांडण आहे, आणि ते येथेच नोंदवून ठेवतो. या संग्रहात लेखकांची निवेदने निम्म्याहून अधिक आहेत. ते साहजिकही आहे; लेखणी ज्याच्या हाती तो कैफियत लिहिणारच, आणि आमचे खांडेकर तर आपल्याच कादंबऱ्यांना अशा विस्तृत प्रस्तावना जोडीत आले की दुसऱ्या कोणास त्यांत काही सांगावयास उरू नये. पण गोव्याच्या देवळांतून आणि घराण्यांच्या कडक तालमींतून वर आलेल्या गायिका, लावणी रचणारे शाहीर, फडावर आयुष्य काढलेल्या नाचणाऱ्या बाया, पैठणी विणणारे कोष्टी, पेणचे माझे शेजारी, यांचे शब्द येथे जवळजवळ नाहीत. मी तसे बोलून दाखविले तेव्हा छापील साधन नाही असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी स्वतः कचेरीत हजार वेळा दिलेले असल्यामुळे ते किती सोयीचे असते हे मला चांगले ठाऊक आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी संपादकांनी वही आणि पेन्सिल घेऊन गावोगाव हिंडावे, अशी माझी त्यांस वडीलकीच्या नात्याने आज्ञा आहे.

वाचकांस मात्र एवढेच सुचवावेसे वाटते की, हा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचण्याचे बंधन कोणी मानू नये. गवयांचा विभाग आधी वाचावा, कवी मागाहून घेतले तरी चालतील, आणि ही प्रस्तावना वगळली तरी काही बिघडणार नाही. माझे हस्तलिखित छापखान्यात जाण्यास आधीच चार महिन्यांचा विलंब झाला आहे. काल ते अखेरचे वाचून काढले, तेव्हा तुकारामबोवांविषयीचा परिच्छेद मला हवा तसा उतरलेला नाही असे आढळले. पण संपादकांचा माणूस बाहेर ओसरीवर येऊन बसला आहे.

पेण, हरितालिका